कानाला लावायच्या वस्तू

१४ जून २००४, सोमवार

शाळा सुरू झाली. रोशनी तिसरीत गेली. सकाळी सोडून आलो, दुपारी आणायला गेलो. दप्तराचा एक बंद उसवायला आला आहे. दोनदा तपासला. मीनाला सांगितलं, तर म्हणाली, नाना, आजच घेतलंय ते, नवीन आहे. नवीन वस्तूंचा तर मुळीच भरवसा नाही.

ही डायरी मुलाला, किशोरला, ऑफिसात मिळाली होती, त्याने जानेवारीत मला दिली. पाच महिन्यांची पानं कोरी आहेत. सातवीनंतर मी रजेचे अर्ज सोडून काही लिहिलेलं नाही, त्यामुळे अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. ते एका परीने बरंच. कोणाला लागणार नाही.

लिहायला बसलो, कारण एक गोष्ट आहे जी घरात सांगता येत नाही. माझे कान गेले आहेत. डावा पूर्ण गेला. उजव्याने समोरून बोललेलं कळतं, पाठीमागून बोललेलं नाही. सातपूरला कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर सगळी नोकरी काढली, त्याचा हा प्रसाद. किशोरला आणि मीनाला अजून पत्ता नाही. कळलं तर पहिलं काम ते रोशनीला शाळेची रिक्षा लावण्याचं करतील. त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. पण बायको, नवसाबाई, गेल्यापासून मला दिवसात तेवढं एकच काम आहे. घरापासून त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडच्या शाळेपर्यंत एक लहान हात धरून जायचं आणि परत यायचं. ते गेलं तर मी सकाळी उठायचं कशाला हा प्रश्न आहे.

आज किशोरने टीव्हीसाठी हेडफोन आणला. महात्मा गांधी रोडवरून. म्हणाला, "रोशनीच्या अभ्यासाला टीव्हीचा त्रास होतो नाना. हा लावून बघत जा, पाहिजे तेवढा आवाज मोठा करा." माझं अर्धं काम त्याने नकळत करून टाकलं. देव पाठीशी आहे.

१७ जून

आता माझ्याकडे तीन झाले. प्रत्येकाचं काम वेगळं, हे एकदा लिहून ठेवतो.

टीव्हीचा काळा, मोठा, दोन्ही कान झाकणारा. वायर पार कॉटपर्यंत पोचते. तो लावला की बातम्या देणारी बाई थेट डोक्यात बसून बोलते. तोटा एकच, वायरीत कोणी अडकून पडेल की काय याचा घोर लागतो. रेडिओचा पांढरा, एकाच कानाचा, जुना. तो सकाळच्या बातम्यांना आणि बाजारभावाला. नामपूरला आता माझा एक कांदाही पिकत नाही, पण भाव ऐकल्याशिवाय चहा जात नाही. मीनाला सांगितलं, हा एकच कान घेतो, दुसरा दाराच्या बेलसाठी मोकळा राहतो. मोकळा राहतो तो डावा. त्याला बेल काय, तोफ ऐकू येणार नाही. पण ते तिला कुठे माहीत.

तिसरा वॉकमनचा, स्पंजवाला. त्याच्याबद्दल नंतर लिहीन.

मीनाने माझ्या कॉटच्या वर भिंतीत तीन खिळे ठोकून दिले. म्हणाली, "नाना, तुमच्या कानांना पण कपडे झाले. घरातले, बाहेरचे आणि लग्नाचे."

"लग्नाचे कुठले?"

"स्पंजवाले. ते तुम्ही फक्त आईंच्या कॅसेटला काढता."

सूनबाईचं लक्ष असतं. जरा जास्तच असतं.

२० जून

दाराची बेल बिघडली होती म्हणे. मला तर चांगली वाटत होती. मीनाने नवीन बसवली. तिला लाल दिवा आहे, वाजली की हॉलमध्ये पेटतो. हल्ली कशालाही दिवे लावतात. मला सोयीचं झालं.

२५ जून, शुक्रवार

शाळेतून येताना रोशनीला घेऊन पवननगरला देवरामकडे गेलो. देवराम माझ्या शेजारच्या प्रेसवर होता. त्याचे कान माझ्याआधी गेले आणि त्याने घरात सांगून टाकलं. आता तो गॅलरीत खुर्चीवर असतो.

त्याच्या सुनेने चहा आणून स्टुलावर ठेवला आणि मला म्हणाली, "त्यांना कळत नाही काही. तुम्हाला काय सांगायचं ते मला सांगून जा." देवरामने तिच्या पाठीमागे कपाळाशी आडवा हात धरला. आमच्या खात्यात त्याचा अर्थ होता, साहेब आला, गप्प बसा. मला हसू आवरेना.

प्रेसच्या धडधडीत तोंडाचं काही ऐकू येत नसे, म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. साहेब आला, चहा आला, डाय सैल झाली, मशीन बंद कर. ओठांवरूनही कळायचं. आज आम्ही दोघे तसंच बोलत बसलो. रोशनी बघत होती. तिला चहाची खूण आली, साहेबाची आली. मशीन बंद करण्याची खूण, म्हणजे छातीवर सपाट हात, ती तिला फार आवडली.

निघताना देवराम गॅलरीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "पुंजा, लेका, पहिले ओरडून सांगायचे. मग थोडक्यात सांगायला लागले. आता सांगतच नाहीत."

मी त्याला सांगितलं की माझे कान अजून ठीक आहेत. त्याने माझ्याकडे बघितलं आणि चहाची खूण केली, म्हणजे चहा पी.

वाटेत रोशनीने विचारलं, "देवरामबाबा बाहेर का नाही जात?" मी म्हटलं, पाय दुखतात.

४ जुलै, रविवार

किशोरच्या हळदीला नवसाबाई गायली होती. तिच्या माहेरचं अहिराणी गाणं. कोणाच्या तरी टेपमध्ये ते भरून घेतलं होतं, मागे बायकांचा गलका आहे, मध्येच एक कप फुटतो. ती कॅसेट मी रविवारी दुपारी लावतो. स्पंजवाला हेडफोन त्यासाठीच. तो हलका आहे, कानावर नुसता टेकतो, कोणी हात ठेवल्यासारखा.

मागच्या वर्षी आवाजाचं चाक अर्ध्यावर ठेवलं तरी पुरायचं. आता शेवटापर्यंत फिरवतो. त्याच्यापुढे चाक नाही. याच्यापेक्षा कमी ऐकू यायला लागलं तर मग काय, हा विचार नको तेव्हा येतो.

एक नवल घडलं. कॅसेट संपवून पाणी प्यायला आत गेलो तर मीना पोळ्या लाटताना ओठ हलवत होती. जवळ गेलो तर तेच गाणं. ती दिंडोरीची, अहिराणीचा गंध नाही. विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, "असंच, डोक्यात आलं." नवसाबाईनेच तिला कधीतरी शिकवलं असणार. मला सांगितलं नाही दोघींनी. पण बरं वाटलं. गाणं ऐकून लगेच तेच पुन्हा ऐकायला मिळालं, याला योग म्हणायचं.

२१ जुलै

घरातल्या माणसांना नवीन सवयी लागत आहेत. मीना आता दारातून बोलत नाही. समोर येऊन उभी राहते, उजेडाकडे तोंड करते, मग बोलते. पूर्वी ती स्वयंपाकघरातून हाका मारायची. माझं काही चुकलं असावं, त्याशिवाय सून अशी समोर येऊन ठाकत नाही. दोन दिवस विचार केला, काही आठवलं नाही.

रोशनीचं तर निराळंच. रस्त्याने चालताना ती गाड्यांच्या बाजूला राहते. मी रोज तिला आतल्या बाजूला घेतो, ती पुन्हा फिरून बाहेर येते. आज रागावलो. लहान मुलाने आतून चालायचं, मोठ्याने बाहेरून. ती म्हणाली, "मला इकडूनच आवडतं नाना." वर माझा हात दाबत असते. कधी एकदा, कधी दोनदा, आणि त्यानंतर रिक्षा नाहीतर टेम्पो शेजारून जातो. पोर गाड्यांना घाबरते. मी असताना घाबरायचं काय कारण? पण तिला तसं बोललो नाही, हात घट्ट धरला.

८ ऑगस्ट, रविवार

चौथा आला. किशोरने नवीन मोबाईल घेतला आणि जुना मला दिला, त्याची कानात घालायची बोंडंही दिली. एक खिळा वाढला. या बोंडांत आवाज अगदी आत जातो, फोन कानाला धरण्यापेक्षा बरं. बोलायचं मात्र वायरीवरच्या काळ्या मण्यात. मी आधी बोंडातच बोलत होतो. रोशनी जमिनीवर लोळून हसली.

नामपूरला धाकट्या बहिणीला, झुंबरबाईला फोन लावला.

"नाना, जेवना का?"

"जेवनू. तू कशी शे?"

"मी बरी शे. तुना कान कसा शेत?"

मी चरकलो. "कानले काय व्हयनं? कोन सांगं तुले?"

"कोनी नही. म्हातारपनमा इचारनं पडस."

मग मी तिचे गुडघे विचारले. ती गुडघ्यांवर सुरू झाली आणि विषय टळला. पण मला तिने कान का विचारावे? मीना तिला फोन करत असते, पण मीनाला तर काही माहीतच नाही.

२३ ऑगस्ट, सोमवार

आज फार कठीण प्रसंग होता आणि मी निभावून नेला.

मीना सकाळी म्हणाली, रोशनीच्या शाळेला कान तपासल्याचा कागद हवा आहे, गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, तुम्हीही चला. तिथे गेल्यावर म्हणाली, "आलाच आहात तर बसा की नाना. दोघांचं एकदमच होईल." नाही म्हटलं असतं तर संशय आला असता.

काच लावलेल्या लहान खोलीत बसवतात. तिथला हेडफोन माझ्या चारहीपेक्षा भारी. जड, डोक्यावर चिमट्यासारखा बसतो, आणि बाहेरचं जग एकदम बंद. हातात बटण देतात. कानात शिट्टी वाजली की दाबायचं.

ही परीक्षा मला माहीत होती. कंपनीत दरवर्षी व्हायची. जो नापास होईल त्याला प्रेसवरून काढून गेटवर नाहीतर झाडलोटीला पाठवायचे, म्हणून आमच्या खात्यातला एकही माणूस कधी नापास झाला नाही. काचेतून मशीनवाल्याचा हात दिसतो. त्याचं बोट खाली गेलं की दाबायचं, एवढंच. नवीन आलेल्या माणसाला आम्ही प्रेसच्या आधी ते शिकवायचो.

इथली मुलगी शिकाऊ होती. तिचं बोट स्पष्ट दिसत होतं. मध्ये एकदोनदा मुद्दाम सोडलं, म्हणजे खरं वाटावं. डॉक्टरांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला. वयाच्या मानाने उत्तम म्हणाले.

बाहेर आल्यावर मीनाने विचारलं, "नाना, आत बसून तुम्ही कुठे बघत होता?"

"समोर."

तिने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. सासऱ्याचे कान उत्तम निघाले तर सुनेला आनंद व्हायला हवा.

२४ ऑगस्ट

संध्याकाळी गॅलरीत होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून किशोरचं तोंड दिसत होतं, मीना पाठमोरी. किशोरचे ओठ मला लागतात. तो म्हणाला, "कागदावर लिहिलंय ना." मग मीना बोलली असावी. मग तो, "डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?" मग पुन्हा ती, बराच वेळ. मग तो, "मी नाही सांगणार. त्यांना वाईट वाटेल." शेवटी म्हणाला, "चांगले आहेत तर चांगले आहेत, तू उगाच भीती घालू नकोस."

बहुतेक रोशनीच्या बाईंबद्दल असावं. शाळेचा काही कागद आला वाटतं. नवराबायकोत आपण पडू नये.

६ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोशनीला चित्रकलेचा क्लास. संध्याकाळचा, मोठा रस्ता ओलांडून पलीकडे. किशोर म्हणाला, "नाना आहेत ना न्यायला. कान ठणठणीत आहेत त्यांचे, कागद आहे आपल्याकडे." मीना मान खाली घालून भाजी निवडत होती.

विश्वास टाकला म्हणून छाती फुगली. मग जिना उतरताना तो रस्ता आठवला. संध्याकाळी त्या रस्त्याला गाड्या मुंग्यांसारख्या असतात, उजेड कमी, समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. रोशनीने आज सगळा रस्ता माझा हात सोडला नाही. दाबतच होती.

२२ सप्टेंबर, बुधवार

घरी येऊन हात धुतले, चहा प्यालो नाही, लिहायला बसलो.

क्लासहून येत होतो. गणपती बसलेले आहेत, मोठ्या रस्त्याच्या कडेला मंडप, त्याच्या दोन्ही अंगाला भिंतीएवढे कर्णे. एवढा आवाज झाला की मला उरलंसुरलंही ऐकू येत नाही, नुसती छाती हलते. प्रेसखात्यात उभं असल्यासारखं वाटलं. मला गंमत वाटली त्याची. गंमत.

हातातला हात सुटला ते कळलं, पण वाटलं, ती गणपती बघत असेल, येईल मागे. मी चालत राहिलो. मंडप संपला, पानाचं दुकान आलं, आणि मी काहीतरी बोललो, बहुतेक उद्या डबा काय हवा असं. उत्तर आलं नाही म्हणून खाली बघितलं, तर कोणी नाही.

वळलो. मागे एक टेम्पो उलटा येत होता, मंडपाच्या बाजूने. त्याच्यामागे रोशनी खाली बसलेली, चपलेचा अंगठा तुटला होता तो बघत. तोंड माझ्याकडे, उघडलेलं. ओठ दिसत होते. नाना, नाना, नाना. किती वेळ हाका मारत होती देव जाणे. मी छातीवर सपाट हात मारला. मशीन बंद कर. टेम्पोवाल्याला त्याचं काय कळणार? मी हात मारत पळत होतो. हार विकणाऱ्या बाईने तिला दंडाला धरून ओढून घेतलं. टेम्पो तसाच मागे गेला आणि थांबला. ड्रायव्हर उतरून मला काहीतरी बोलला. ते मला कळलं नाही. काय बोलला असेल ते कळलं.

रोशनीला खरचटलंही नाही. ती रडलीही नाही. तुटलेली चप्पल एका हातात आणि माझा हात दुसऱ्या हातात, अशी घरी आली.

मीनाने दार उघडलं. "उशीर का झाला?"

मी तोंड उघडण्याआधी रोशनी म्हणाली, "माझी चप्पल तुटली ना, म्हणून मी गणपतीपाशी बसले. नाना माझ्याजवळच उभे होते."

आईच्या तोंडाकडे बघून म्हणाली. न अडखळता. आणि मग माझ्याकडे बघून कपाळाशी आडवा हात धरला. साहेब आला, गप्प बसा.

२३ सप्टेंबर

सकाळी तिला शाळेत नेलं नाही. गुडघे दुखतात म्हणालो. मीनाने स्कूटीवर सोडलं.

कालपासून एकच विचार आहे. टेम्पोचा नाही, तो तर डोळ्यांपुढून जातच नाही. तिच्या खोटं बोलण्याचा. सात-आठ वर्षांची मुलगी, आईशी खोटं बोलते, तेही इतकं नीट, म्हणजे ती पहिल्यांदा बोलत नव्हती. म्हणजे तिला कधीपासून माहीत आहे? माझं काम जाऊ नये म्हणून ती गाड्यांच्या बाजूने चालत होती काय? मी तिला शाळेत नेत होतो की ती मला नेत होती? आणि मी तिला वर रागावलो.

मीना परत आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. तिला सगळं सांगितलं. टेम्पो, कर्णे, चप्पल. काचेतलं बोटसुद्धा सांगितलं. म्हटलं, रिक्षा लाव तिला. आजच लाव.

ती ओट्याला टेकून ऐकत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. रागावेल असं वाटलं, आणि रागवायलाच हवं होतं. तिने हात पुसले, माझ्यासमोर आली, उजेडाकडे तोंड केलं आणि हळूहळू म्हणाली, "रिक्षा पंधरा दिवसांपुरती सांगते. तुम्ही शनिवारी माझ्याबरोबर चला. या वेळी समोर बघू नका."

"बरं."

"आणि नाना, गुडघे दुखत नसतील तर लसूण सोलून द्या."

२५ सप्टेंबर, शनिवार

तीच खोली, तोच जड हेडफोन, तीच मुलगी. काचेपलीकडे मीना आणि रोशनी बाकावर. मुलीने बटण हातात दिलं. मी उठलो आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. ती काचेवर टकटक करत असावी. मी वळलो नाही.

भिंत हिरवट होती, खाली पोपडा आलेला. मी थांबलो. काही वाजेना. मला वाटलं, अजून सुरू केलं नसेल. बटणावर अंगठा होता, दाबायची फार इच्छा झाली. बोट तर आता दिसत नव्हतं. कंपनीतली सगळी वर्षं मी त्या बोटाकडे बघून पास झालो, आणि ते नसताना मला काय ऐकू येतं हे माहीतच नव्हतं. काहीच येत नव्हतं. नंतर उजवीकडे फार लांब, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तसं काही आलं, तेव्हा दाबलं. पुन्हा कितीतरी वेळ काही नाही. डाव्या कानात शेवटपर्यंत एकदाही नाही.

बाहेर आलो. डॉक्टर म्हणाले, आता पटतंय. मीना डोळे पुसत होती. एसीचा वारा थेट त्या बाकावर येतो, मलाही तो झोंबला.

२९ सप्टेंबर

किशोर दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नव्हता. आज कॉटवर येऊन बसला, काळ्या हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत. म्हणाला, "मी कागदावर विश्वास ठेवला नाना. तुमच्याकडे बघायला पाहिजे होतं." मी म्हटलं, कागद चांगला केला होता मी. तो हसला, मग हसायचा थांबला आणि वायर तशीच गुंडाळत बसला.

सकाळी रिक्षावाला खाली येतो तेव्हा मी गॅलरीत उभा राहतो. रोशनी रिक्षातून चहाची खूण करते. मी आत जाऊन चहा पितो.

१० ऑक्टोबर, रविवार

कानाचं यंत्र काल आलं. उजव्या कानात. मिठाचा चण्याएवढा खडा घातल्यासारखं वाटतं. पहिले दोन तास नकोसे होते. पंखा एवढा बोलतो? नळ, पोळपाट, खालच्या मजल्यावरचं भांडण, स्वतःच्या चपला. रोशनीचा आवाज मला वाटत होता त्याच्यापेक्षा बारीक आहे आणि जरा नाकातून येतो. मी तिला पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होतो.

दुपारी कॅसेट लावायची वेळ झाली. स्पंजवाला हेडफोन यंत्रावर टेकला की यंत्र शिट्टी मारतं. म्हणून हेडफोन काढून कॉटवर ठेवला, वॉकमन चालूच राहिला, आणि पाणी प्यायला आत गेलो. स्वयंपाकघरात उभा होतो आणि नवसाबाई गात होती.

बाहेरच्या खोलीतून, स्पंजातून, बारीक पण स्वच्छ. गलका ऐकू येत होता, कप फुटला तोही ऐकू आला. चाक नेहमीसारखं शेवटापर्यंत फिरवलेलं होतं. म्हणजे दर रविवारी हे असं सगळ्या घरात ऐकू जात होतं. मी आपला एकटा ऐकतो आहे असं समजून डोळे मिटून बसायचो. काळ्या हेडफोनमधून बातम्यासुद्धा अशाच जात असणार.

मी बाहेर येऊन वॉकमन बंद केला. लाज वाटली. आतून मीनाने राहिलेली ओळ पुरी केली. दिंडोरीच्या उच्चारात, चुकीची, पण पुरी केली.

मी पुन्हा चालू केला. हेडफोन कानाला लावला नाही, मधल्या दारात स्टुलावर ठेवला.

११ ऑक्टोबर, सोमवार

आज रोशनीला शाळेत नेलं.

रिक्षा नको असं मीनानेच काल सांगितलं. मी विचारलं नव्हतं. सकाळपासून दोनदा यंत्राचा सेल बदलला, एक खिशात ठेवला. जिन्यात तिसऱ्यांदा काढून पुन्हा घातलं, तेव्हा मीना वरून म्हणाली, "नाना, शाळा भरेल." पाठीमागून म्हणाली. ऐकू आलं.

कोपरा ओलांडला आणि शेजारून एक पुटपुट यायला लागली. आधी वाटलं पाढे म्हणते आहे. नीट ऐकलं.

"मागून रिक्षा, एक. पुढे सायकल, सायकलचं नाही. मागून टेम्पो, दोन."

आणि टेम्पोला हात दोनदा दाबला.

मी विचारलं, "हे रोज म्हणतेस?"

"हो. नाहीतर विसरते किती वेळा दाबायचं."

"मला कधी ऐकू आलं नाही."

"तुम्हाला ऐकू जावं म्हणून नव्हतंच ते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वर बघत म्हणाली, "आता येतं ना?"

"येतं."

"सगळं?"

"सगळं नाही. मागचं येतं. डावीकडचं अजून कच्चं आहे."

ती थांबली. विचार केला. माझ्या पुढून फिरून आतल्या बाजूला गेली, तिथून माझा हात धरला.

"मग आता तुम्ही सांगा," म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, डोळे उघड, खडी आहे रस्त्यात, पडशील. तिने उघडले नाहीत. रस्त्याच्या मधोमध भांडत बसणार का? मी मान डावीकडे वळवून बघितलं. मागचं ऐकलं. मागून स्कूटर, म्हटलं, आणि हात एकदा दाबला. स्कूटर गेली. आता काही नाही, चल. इथे दगड आहे, पाय उचल. मागून रिक्षा, थांब. चल.

शाळेच्या फाटकापर्यंत तिने डोळे उघडले नाहीत.